भिवंडी परिसरातील देशी वनस्पती व जलसंधारणाचे नियम

यंत्रमागाचे शहर म्हणून परिचित असलेल्या भिवंडीस वाळवंटी शहरांच्या पंक्तीत बसविणे प्रथमदर्शनी विपर्यस्त वाटेल. कारण येथे वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि तो जवळजवळ सर्वच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उर्वरित आठ महिने बागेस द्यावे लागणारे पाणी नळाचे, टँकरचे अथवा कूपनलिकेचे असते. म्हणूनच वाळवंटी प्रदेशातील अनुभव येथे उद्बोधक ठरतो. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून, केवळ शोभेच्या हिरवळीस २०२६ नंतर कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास मनाई केली. घरगुती बागा त्यातून वगळल्या. तशी मर्यादा महाराष्ट्रात नाही.

उन्हाळ्यात हिरवळीतून दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाण्याचे बाष्पीभवन होते असे धरल्यास १००० चौरस मीटर हिरवळीस रोज ५००० लिटर पाणी लागेल. दरडोई १३५ लिटर या शहरी मानकानुसार ते ३७ माणसांचे पाणी होय. गोदामाच्या दर्शनी भागाची शोभा ही किंमत देण्याजोगी आहे काय, हा प्रश्न नियमावलीच्या कक्षेत अद्याप आलेला नाही.

याउलट पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, ऐन ही येथील पानझडी वनांतील झाडे मूळ धरल्यानंतर वरच्या पाण्यावाचून तग धरतात. कोरड्या दिवसांतील पानगळ ही त्यांची पाण्याची काटकसरच आहे. गृहनिर्माण संस्थांना नेमकी हीच पानगळ कचरा वाटते व ती जाळली जाते. वस्तुतः बुंध्याभोवती पसरलेला पाचोळा जमिनीतील ओलावा टिकवितो. मूळचा मादागास्करचा गुलमोहर रस्तोरस्ती लावला गेला, परंतु त्याची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असल्याने तो वादळवाऱ्यात सहज कोसळतो. ताम्हण हा राज्यपुष्पाचा वृक्ष मूळचा ओढ्याकाठचा असल्याने केवळ ‘देशी’ म्हणून तो कोरड्या भरावावर लावणे मात्र योग्य नव्हे.

नियमांपैकी १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘हेरिटेज ट्री’ मानले. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांस पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले. १००० चौरस मीटर छतावर २००० मिलिमीटर पाऊस पडल्यास २० लाख लिटर पाणी मिळते. गळती वजा जाता त्यातील मोठा हिस्सा हाती येऊ शकतो. परंतु येथील खडक काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांत साठा थोडा मावतो, भरपावसात तो लवकर भरतो आणि पुढे टाकलेले पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. केवळ शोषखड्डा खोदून नियमाची पूर्तता होते, एप्रिलमध्ये पाणी मिळेलच असे नाही. त्यासाठी टाकीतील साठवण व कमी पाण्याची लागवड यांचा विचार इमारतीच्या आराखड्यातच व्हावा लागतो.