भिंतीला तोंडही असते

भिंतीला कान असतात, हे मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो. तिला तोंडही असते, हे मात्र गेल्या पावसाळ्यात कळले. गिरगावातल्या आमच्या चाळीत मोरीच्या चौकटीपासून वर तिरपी गेलेली चीर सौ.ने दाखवली. मी म्हटले, "अगं, गिलाव्याची असेल." दार आठवडाभर अडकत होते, तेही आम्ही दमट हवेच्या नावावर खपवले होते.

खालच्या मजल्यावरच्या नानांची हयात सुतारकामात गेली. त्यांनी चिरेवर प्लॅस्टरचा पातळ पट्टा आडवा लावला आणि पेन्सिलीने तारीख घातली. "मास्तर, हा तडकला तर चीर अजून चालते आहे असं समजा." बाराव्या दिवशी पट्टा तडकला.

मग ते मला आपल्या खोलीत घेऊन गेले. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे त्यांनी पेचकस टोचला. तो लोण्यात जावा तसा गेला. लाकडी तुळई कुजते ती बहुधा अशी, भिंतीत दडलेल्या ओल्या टोकाशी. आणि ओल कोणाची? आमच्याच मोरीची! तीन वर्षांपूर्वी मी जुन्या लाद्यांवरच नव्या चकचकीत लाद्या बसवून घेतल्या होत्या. पाझर तसाच राहिला, वर ओझे मात्र वाढले. (नव्या इमारतींत राहणाऱ्यांनी हसू नये. तिथेही पाणीच वैरी. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. आपण त्यावर रंग मारतो.)

तक्रारीचा कागद लिहायला घेतला, तर चाळीत दोन तट पडले. "नोटीस लावतील, संक्रमण शिबिरात धाडतील, मग परत येणं कुठलं?" ही भीती खोटी आहे असे मला म्हणवत नाही. पण २०१७ च्या जुलैत घाटकोपरला १७ आणि ऑगस्टअखेर भेंडीबाजारात ३३ माणसे पडक्या इमारतींखाली गेली. २०१९ साली डोंगरीत १३. घाटकोपरला तर तळमजल्यावरील फेरफारांकडेच बोट दाखवले गेले.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्यासारख्या जुन्या उपकरप्राप्त चाळींची दुरुस्ती म्हाडाचे मंडळ पाहते. अगदी घाईची वेळ आली तर पालिकेचा १९१६ हा दूरध्वनी आहे. हे सारे मी जिन्यात उभा राहून सांगितले. व्याख्यान कोणी ऐकले नाही. नानांनी पहिली सही केली, तेव्हा बाकीच्या झाल्या.

अभियंते आले, त्यांनी तुळईखाली टेकू दिला. मी मोरी उखडून पुन्हा बांधली, अर्थात स्वखर्चाने. चीर दोन महिने हललेली नाही. नवा पट्टा रोज पाहतो.

तुळईची दुरुस्ती अजून व्हायची आहे. तोवर टेकू नानांच्या खोलीत मधोमध उभा आहे. जेवताना त्यांना त्याला वळसा घालून बसावे लागते. त्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीसाठी त्यांनी त्याला झेंडूची माळ गुंडाळली आहे.