पदकांचा कोरा रकाना

सैनिक निवृत्त होऊन घरी येतो तेव्हा ट्रंकेत त्याचं डिस्चार्ज बुक असतं. त्यात मिळालेल्या पदकांची नोंद असते. आमच्या पालीतल्या एका वृद्ध जवानाच्या बुकात ती जागा कोरीच राहिली. 1971चं युद्ध त्यांनी पूर्व आघाडीवर काढलेलं! "शायर, लढाई कारकुनापर्यंत पोचलीच नाही," म्हणाले आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. शिवाय संग्राम मेडल वेगळं. पण त्या तारखांना पलटण कुठे होती आणि जवान तिच्यात हजर होता का, हे कागदावर दिसावं लागतं. ते कागद रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्ज तिकडेच करायचा. रत्नागिरीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदतीला आहे.

अर्जात सेवा क्रमांक आधी लिहा. नावांची स्पेलिंगं, आम्हा मुसलमानांची तर विचारूच नका, कागदागणिक बदलतात. नंबर तोच राहतो. पदकाच्या कडेवरही तो नावासोबत कोरतात. आणि अर्ज जवान हयात असतानाच करा. कुठल्या महिन्यात कुठल्या ठाण्यावर होतो, हे घरात दुसरं कोण सांगणार?