शेजारच्या पेशीला सावध करणारे प्रथिन

फ्लू झाला की अंगात कणकण भरते, हाडे ठणकतात. हा सगळा छळ विषाणूचाच, असे आपण धरून चालतो. पण हेपॅटायटिसच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा फ्लूचा विषाणू आसपास नसतानाही त्यांना हुबेहूब तशीच कणकण येई. म्हणजे त्या दुखण्यातला बराचसा वाटा आपल्याच शरीराने सोडलेल्या प्रथिनांचा असतो.

अंड्यातला शोध

1957 साली लंडनच्या मिल हिल भागातील राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान काम करत होते. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावरणाचे तुकडे त्यांनी उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. त्या तुकड्यांतून द्रवात काहीतरी पाझरले. तोच द्रव नव्या तुकड्यांना दिला, तर त्यांच्यात जिवंत विषाणूची वाढ नीट होईना. विषाणूच्या कामात आडवे येणारे ते 'इंटरफेरॉन'.

पेशीची हाक

विषाणू शिरला की त्याचा आरएनए पेशीतल्या टेहळणी करणाऱ्या प्रथिनांच्या नजरेस पडतो. पेशी इंटरफेरॉन बनवून बाहेर सोडते. तिचा स्वतःचा जीव बहुधा वाचत नाही, पण शेजारच्या पेशींपर्यंत निरोप पोचतो आणि त्यांच्यातली शेकडो जनुके जागी होतात. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा किंवा जास्तही लागतो. इंटरफेरॉनचे हे काम मात्र काही तासांत होते.

जाग्या झालेल्या पेशीत

आयएफआयटीएम-3 हे प्रथिन फ्लू, डेंग्यूसारख्या विषाणूंना आत शिरतानाच अडवते. पीकेआर नावाचे प्रथिन विषाणूचा दुपदरी आरएनए दिसताच पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवते. विषाणूची आणि पेशीची स्वतःचीही. आरनेज-एल आरएनएचे तुकडे करते, तेही आपपर न पाहता. घर वाचवण्यासाठी घरातली चूलही विझवावी, तसे हे आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती एमएक्सची कथा. इतर उंदरांना मारणारी फ्लूच्या विषाणूची मात्रा उंदरांचा एक वंश सहज पचवतो, हे 1962 साली लिंडेनमान यांनीच नोंदवले. त्यामागे एमएक्स हे एकच जनुक निघाले. प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांत ते बिघडलेले असते. आणि हे जनुकही इंटरफेरॉनच्याच हाकेने जागे होते.

विषाणूचे डाव

विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. फ्लूच्या विषाणूचे एनएस-1 प्रथिन हाक निघण्याआधीच दाबते. डेंग्यूचे एनएस-5, निरोप जनुकांपर्यंत नेणारे स्टॅट-2 हे प्रथिन नष्ट करवते.

कधी घात घरातूनच होतो. 2020 साली जिवावर बेतलेल्या कोविड न्यूमोनियाच्या 987 रुग्णांची तपासणी झाली. त्यांतल्या 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. त्यांपैकी 95 पुरुष होते.

जास्त झाले तर

इंटरफेरॉन कमी पडणे घातक, तसेच जास्त होणेही. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सरसकट सल्ला मला पटत नाही. इंटरफेरॉन वेळेवर यावे लागते आणि काम झाल्यावर ओसरावेही लागते. एकार्डी-गुटिएर या दुर्मीळ आनुवंशिक आजारात पेशी स्वतःच्याच डीएनए-आरएनएला विषाणूचा समजतात. कोणताही संसर्ग नसताना इंटरफेरॉन पाझरत राहते आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूला इजा होते.