चार पत्रकांतला मावळ

मावळ तालुक्याचा ग्रामेतिहास लिहिताना अभ्यासकांनी बखरी, करीने, महजर आणि इनामपत्रे यांचा भरपूर उपयोग केला; मात्र त्या कागदांत येणारी गावे, खिंडी, नदीकाठ आणि शिवा जमिनीवर एकमेकींच्या संदर्भात कशा मांडल्या गेल्या होत्या हे दाखवणाऱ्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे व्यवहारात ज्याला टोपोशीट म्हणतात तो, जमिनीची उंचसखलता समोच्च रेषांनी दाखवतो आणि त्याच कागदावर नद्या-ओढे, वाटा, वस्त्या, विहिरी, देवळे व राखीव जंगलाच्या सीमा ठरावीक चिन्हांनी नोंदवतो. त्यावर कोणाही खातेदाराचे नाव नसते, त्यामुळे पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना तो प्रथमदर्शनी निरुपयोगी वाटतो. मावळापुरते पाहिले तर हा समज चुकीचा आहे, कारण येथे कुळांची ओळख दीर्घकाळ आडनावापेक्षा खोऱ्याशी बांधलेली होती आणि खोरे जितके स्वच्छ नकाशावर दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही कागदावर दिसत नाही.

शिवकाळाच्या कागदपत्रांतील बारा मावळ ही मूलतः डोंगररांगांनी विभागलेली नदीखोरी होती आणि प्रत्येक खोऱ्याचा देशमुख, देशपांडे व गावोगावचे पाटील हे त्या त्या खोऱ्याचे वतनदार होते. कान्होजी जेधे यांचे घराणे रोहिडखोऱ्याचे म्हणून ओळखले जाते ते याच व्यवस्थेमुळे. कामशेतच्या परिसरात अशी तीन खोरी जवळजवळ येतात: दक्षिणेला लोहगड, विसापूर आणि बेडसे यांच्या रांगेपलीकडे पवन मावळ, उत्तरेला कुंडलिका नदीचे नाणे मावळ आणि त्याच्याही पलीकडे आंद्रा नदीचे आंदर मावळ. कुंडलिका आणि आंद्रा या दोन्ही नद्या इंद्रायणीला मिळतात, तर पवना स्वतंत्रपणे पूर्वेकडे वाहत जाते. सोयरिकी, जत्रा, गुरांची वाट आणि बाजार यांची घडण या पाणलोटांनीच ठरवली. एखाद्या घराण्याचे मूळ गाव सापडत नसेल तर त्या आडनावाची गावे जिल्हाभर शोधत बसण्यापेक्षा ते घराणे कोणत्या खोऱ्यातले हे आधी ठरवणे अधिक फलदायी होते. विशेषतः मावळात गावाच्या नावावरून किंवा हुद्द्यावरून आडनावे पडण्याची आणि तीच आडनावे पुढे बदलण्याची चाल असल्यामुळे आडनाव हा पुरावा म्हणून फारसा भरवशाचा नाही.

आधुनिक मोजणीचा इतिहास दोन वेगळ्या धारांनी चालला आणि त्या दोन्हींचे हेतू निराळे होते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय त्यांचे नकाशे एकत्र वाचता येत नाहीत. पहिली धारा लष्करी व शास्त्रीय होती. १७६७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाला १८०२ पासून विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आरंभलेल्या त्रिकोणमितीय मोजणीचा भक्कम पाया मिळाला. दुसरी धारा महसुलाची होती. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी केलेली मोजणी आणि आकारणी फसली, शेतकऱ्यांवर अवाजवी बोजा पडला आणि १८३० च्या दशकाच्या मध्यापासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातून नव्याने काम सुरू केले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झालेली ती पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली, आणि प्रत्येक शेताला क्रमांक, हद्दीला दगड व बांध, गावाला स्वतंत्र नकाशा ही आजही परिचित असलेली व्यवस्था त्यातूनच आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज जमिनीचा भाव गुंठ्याने बोलणाऱ्या मावळात ही साखळी अजून जिवंतच आहे म्हणायची.

या दोन धारांच्या कागदांत गुणात्मक फरक आहे. गाव नकाशा शिवेच्या आत सगळे सांगतो आणि शिवेबाहेर गप्प असतो. डोंगर त्याला केवळ पडीक किंवा जंगल म्हणून दिसतो, खिंड दिसत नाही, आणि शेजारच्या गावाचे फक्त नाव कडेला लिहिलेले असते. स्थलनिर्देशक नकाशा याच्या अगदी उलट वागतो. शेतांच्या हद्दींशी त्याला देणेघेणे नाही, मात्र कोणत्या वाडीवरून कोणत्या घाटाची पायवाट जाते, कोणता ओढा बारमाही आहे आणि कोणता पावसाळी, देऊळ गावठाणात आहे की रानात, हे तो सांगतो. वंशावळीचा मागोवा घेणाऱ्याला दोन्ही समोर लागतात. गाव नकाशाबरोबर फाळणी नकाशा (सर्व्हे नंबरच्या पोटहिश्श्यांचा नकाशा), आकारबंद (प्रत्येक क्रमांकाचे क्षेत्र व आकार यांची नोंद), कडईपत्रके आणि १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यानंतरचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) लावले म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे, वारसाने की खरेदीने गेली हे पिढीगणिक कळू लागते. वारसाच्या फेरफारांत मृताचे नाव, वारसांची नावे आणि त्यांचे नाते येते, त्यामुळे शेतकरी कुटुंबांच्या बाबतीत कुलवृत्तांताचे काम प्रत्यक्षात तलाठ्याच्या दप्तराने केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. छापील कुलवृत्तांत बव्हंशी पांढरपेशा घराण्यांचे निघाले. कुणब्याचा वृत्तांत फेरफारात राहिला.

सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांचे आजचे स्वरूप १९०५ नंतरचे आहे. १९०४–०५ च्या समितीच्या शिफारशींनंतर रंगीत, समोच्च रेषांनी युक्त, एक इंचास एक मैल या प्रमाणाची म्हणजे १:६३,३६० प्रमाणाची पत्रके पद्धतशीरपणे निघू लागली आणि स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धती आल्यावर त्यांची जागा १:५०,००० प्रमाणाने घेतली. क्रमांक देण्याची रीत मात्र तीच राहिली: चार अंश लांब व चार अंश रुंद चौकटीला एक अंक, तिच्या सोळा भागांना रोमन लिपीतील अक्षरे, आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा सोळा तुकड्यांना १ ते १६ हे अंक, जे वरून खाली मोजले जातात. या हिशेबाने ४७ एफ हा एक अंशाचा चौकोन १८ ते १९ उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश यांच्यामध्ये येतो, आणि मावळाची अडचण येथूनच सुरू होते. १८ अंश ४५ मिनिटांची अक्षांशरेषा आणि ७३ अंश ३० मिनिटांची रेखांशरेषा या दोन्ही पत्रकसीमा आहेत, आणि त्या एकमेकींना छेदतात ते भाजे-मळवलीच्या परिसरात. परिणामी कार्ले आणि राजमाची ४७ एफ/५ वर येतात, लोहगड, विसापूर आणि तुंग ४७ एफ/६ वर, बेडसे आणि तिकोना ४७ एफ/१० वर, आणि कामशेतची वस्ती ४७ एफ/९ च्या अगदी दक्षिण काठाला सापडते. ज्या रांगेवर लोहगड आणि बेडसे ही दोन्ही ठिकाणे आहेत ती रांगच दोन कागदांत कापली जाते. एकच पत्रक मागवून पवन मावळाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला अर्धे खोरेच हाती लागते. चारही पत्रके कडेला कड लावून पसरावी लागतात.

तशी ती पसरली म्हणजे लष्करी इतिहासातली काही प्रकरणे नव्याने वाचता येतात. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना घेऊन पुण्याकडे निघालेली इंग्रजांची फौज खंडाळ्याहून कार्ल्यामार्गे तळेगावपर्यंत किती रखडत आली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी मराठ्यांचे हल्ले कसे होत राहिले आणि अखेर वडगावला तिला तह का करावा लागला, याचे उत्तर केवळ महादजी शिंदे यांच्या मुत्सद्देगिरीत नाही. इंद्रायणीच्या अरुंद खोऱ्यात दोन्हीकडच्या रांगांचे उतार पाहिले की त्याचा मोठा भाग समजतो. कार्ल्याजवळ ठार झालेला आणि लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याच वाटेवर पडला.

कामशेतचे नाव इतिहासाच्या साधनांशी आणखी एका कारणाने जोडले गेले. बडोदे संस्थानच्या सेवेतून १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई येथे स्थायिक झाले आणि १९५९ मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. पुण्यातील पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले, आणि जदुनाथ सरकार यांच्यासारखा सहकारी कामशेतला येऊन राहत असे. सरकार आणि सरदेसाई ऐतिहासिक स्थळांना प्रत्यक्ष भेटी देत, कारण कागदातल्या लढाईची जागा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज वर्णन पुरे होत नाही असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह पुढच्या पिढीत ओसरला आणि ग्रामेतिहास बराचसा टेबलावर लिहिला जाऊ लागला, हे नमूद करावे लागते. पेशवे दप्तरातील मोडी कागदांत येणारी पवन व नाणे मावळातील गावे आजच्या महसुली नावांशी जुळवताना एक इंची पत्रके उपयोगी पडतात, कारण अनेक वाड्या, ज्यांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा कधीच मिळाला नाही, त्या महसुली यादीत नसतात, पण पत्रकावर असतात. याच्या उलटही घडते: कामशेत हे नाव रेल्वे स्थानक आणि बाजारपेठ यांमुळे सर्वांच्या तोंडी आहे, तर ग्रामपंचायत खडकाळा या नावाने चालते, आणि जुन्या उताऱ्यावर कामशेत शोधणारा माणूस येथे हमखास चकतो.

विसाव्या शतकात या खोऱ्यांची भूमी इतकी बदलली की जुनी पत्रके हळूहळू नकाशाऐवजी दप्तर बनली. त्याआधीच्या शतकात बोरघाटातील १८३० ची सडक, १८५८ मध्ये सुरू झालेला खंडाळा ते पुणे लोहमार्ग आणि १८६३ मध्ये पुरा झालेला घाटमार्ग यांनी इंद्रायणीच्या खोऱ्यात वस्तीचा गुरुत्वमध्य डोंगरपायथ्यावरून रुळांकडे ओढला, तरी पायथ्याची गावे जागेवर राहिली. पाण्याने मात्र गावे उठवली. टाटांच्या जलविद्युत योजनांसाठी १९१० च्या दशकात लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे व १९२० च्या दशकाच्या प्रारंभी आंदर मावळात ठोकळवाडी येथे जलाशय झाले. याच सुमारास शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. कामशेतच्या उत्तरेला वडिवळे धरण नंतरचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस पवना धरणाने पवन मावळाचा गाभाच बुडवला. त्यापूर्वीच्या एक इंची पत्रकांवर तुंग आणि तिकोना यांच्यामध्ये नदीचा वळणदार प्रवाह, काठची लागवड आणि लहान गावठाणे असलेले खोरे दिसते. नंतरच्या १:५०,००० पत्रकांवर त्या जागी निळा विस्तार आहे. जलाशयात बुडालेले वाघेश्वराचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते, आणि लगतच्या गावांच्या जुन्या मांडणीचा तोच एक उभा खुणादगड उरला आहे. त्यानंतर १९९० च्या दशकाअखेर काम सुरू झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने, ज्याचा बोगदा कामशेतलगतच्या डोंगरातून जातो, शिवरस्ते आणि पांदणी तोडल्या. गुरांच्या वाटा तर कोणत्याच नव्या नकाशावर येत नाहीत.

नकाशे लोकांच्या हाती येण्याचा प्रवासही सरळ झाला नाही. सीमाभाग आणि किनारपट्टी यांच्या ठरावीक पट्ट्यातील तपशीलवार पत्रके स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकापासून, मर्यादित वर्गात गेली आणि संशोधकालाही अर्ज, शिफारस व हमीपत्र यांतून जावे लागले. अमेरिकी लष्करी नकाशा सेवेने १९५० च्या दशकात भारतीय पत्रकांवरून तयार केलेली १:२,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे पुण्याच्या अभ्यासकाला आपल्याच जिल्ह्याचा नकाशा ऑस्टिनहून पाहण्याची विचित्र सोय मिळाली. मात्र त्या प्रमाणात वाडी दिसत नाही, ही तिची मर्यादा आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी आणि जनतेसाठी अशा दोन वेगळ्या मालिका केल्या, २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेची पत्रके संकेतस्थळावर मोफत दिली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी निर्बंध बरेच सैल केले. पण सैल झाले ते नव्या पत्रकांबद्दल. धरणांपूर्वीची पत्रके अजूनही ग्रंथालये, भूगोल विभाग आणि खासगी संग्रह यांत विखुरलेली आहेत, आणि वंशशोधाला नेमकी तीच हवी असतात.

महसुली बाजूला १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याने आणखी एक अडथळा उभा केला. जेथे योजना लागू झाली तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजच्या सातबाऱ्यावरून आजोबांच्या शेतापर्यंत पोचायचे तर दोन्ही क्रमांकांचा मेळ घालणारे एकत्रीकरणाचे पत्रक वडगाव मावळच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावे लागते. पवनेच्या धरणग्रस्तांची गोष्ट यापेक्षा अवघड आहे: पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीच्या उताऱ्यावर मूळ गावाचा उल्लेख सहसा येत नाही, आणि बुडालेल्या गावाच्या दप्तरात कुटुंबाची शेवटची नोंद म्हणजे संपादनाचा फेरफार असते. त्या फेरफारातील सर्व्हे नंबर गाव नकाशावर, गाव नकाशा धरणापूर्वीच्या एक इंची पत्रकावर आणि ते पत्रक आजच्या जलाशयाच्या नकाशावर बसवले, तरच त्या घराची जागा तुंगच्या पायथ्याशी होती की तिकोन्याच्या, हे ठरवता येते.