मुळाशी खणून पाहावे : हुमणी व तिचा सूक्ष्म शत्रू

जत तालुक्यात पीक पिवळे पडले की पावसाकडे बोट दाखविण्याची आपणा सर्वांस सवय आहे. आम्ही महसूल खात्यात कारकून असता पैसेवारीच्या कामी शेतांवर जात असू व भुईमुगाची वाळलेली रोपे पाहून ‘पावसाची ओढ’ एवढे लिहून मोकळे होत असू. रोप उपटून पाहिले असते, तर काही ठिकाणी तरी मुळे हुमणीने कुरतडलेली आढळली असती, असे आता वाटते.

सूत्रकृमी म्हटला की डाळिंबाच्या मुळांवरील गाठी आठवून बागाईतदार दचकतो, व ते योग्यच आहे. परंतु सर्वच सूत्रकृमी पिकाचे वैरी नव्हेत. काही जाती मुळांस न शिवता केवळ किडींवर जगतात. सन १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, हुमणीच्याच कुळातील जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत असे कृमी सापडले. आपल्या देशात कोइमतूर येथे आढळलेल्या ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ या जातीचे वर्णन १९९२ साली प्रसिद्ध झाले.

यांची रीत अशी. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा हा कृमी अळीच्या तोंडावाटे, गुदद्वारावाटे किंवा श्वसनछिद्रांवाटे आत शिरतो व आपल्या पोटातील जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी बहुधा दोन-तीन दिवसांत मरते. तिच्या प्रेतावर कृमींची वीण होऊन हजारो पिले नव्या भक्ष्याच्या शोधार्थ बाहेर पडतात. उपरोक्त जातीने मारलेली अळी विटकरी तांबडी दिसते.

मात्र हा मित्र ओलीवर जगणारा आहे. ऊन व कोरडी माती त्यास मारक होत. कोरड्या रानात तो सोडल्यास पैसा मातीत गेला असे समजावे. ज्यांस विहिरीचे अगर म्हैसाळ योजनेचे पाणी मिळते, त्यांनी अळ्या लहान असताच, जमीन भिजवून, सायंकाळी तो सोडावा व पुढे काही दिवस ओल राखावी. प्रमाण हेक्टरी सुमारे २५० कोटी कृमी असे सांगितले जाते. सबब विकत घेताना ते भिंगाखाली वळवळतात की नाही, हे अवश्य पाहावे.

कोरडवाहू बांधवांनी वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेस कडुनिंब व बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून पाडावे व रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवावे. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. साऱ्या गावाने मिळून केले तरच गुण येतो.

आणि रोप पिवळे दिसताच, पावसास दोष देण्यापूर्वी, एकदा मुळाशी खणून पाहावे. जे आम्ही केले नाही, ते आपण करावे, एवढीच विनंती.