हत्तीवर भुंकणारा ब्रुनो आणि इतर रुग्ण

पहाटे पावणेसहा

राजघाटावर उजाडायच्या सुमाराला जावं लागतं, कारण ब्रुनोची तक्रार फक्त तिथेच दिसते. दवाखान्यात हा लॅब्राडोर इतका गुणी की तपासावं असं काही सापडत नाही. पावसाळाभर ताप्ती भरून वाहत होती. आता अश्विन सरत आला, पाणी उतरलं आणि नदीतला दगडी हत्ती पुन्हा दिसायला लागला. बुऱ्हाणपूरच्या माणसाला त्या हत्तीचं नवल नाही. ब्रुनो मात्र या घरी आला तोच भर पावसाळ्यात. त्यामुळे त्याच्या लेखी परवापर्यंत नदीत फक्त पाणी होतं आणि आज तिथे कुणीतरी भलं मोठं येऊन बसलं आहे.

मालक ओशाळले आहेत. "साहेब, दगडावर भुंकतो हो. लोक हसतात."

हसू द्या. कुत्र्याचे डोळे सांगतात की जनावर आहे. नाक म्हणतं, कसलाच वास नाही. कान म्हणतात, हालचाल नाही. आपण डोळ्यांवर विश्वास ठेवून मोकळे होतो. कुत्रा नाकाला विचारल्याशिवाय काहीच मान्य करत नाही, आणि नाक गप्प बसलं की तो भुंकतो. ज्वारीतलं बुजगावणं, कापडाच्या दुकानाबाहेरचा साडी नेसवलेला पुतळा, प्लॅस्टिकने झाकलेली गणपतीची मूर्ती, सगळ्यांवर भुंकण्याचं कारण हेच.

उपाय साधा, पण मालकांना तो लांबलचक वाटतो. ज्या पायरीवरून ब्रुनो हत्तीकडे बघतो पण भुंकत नाही ती पायरी शोधायची, तिथे बसून पोळीचे तुकडे द्यायचे, आणि तो निवांत झाला तरच दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरायचं. साखळी धरून हत्तीकडे ओढत न्यायचं नाही. आज आम्ही वरून चौथ्या पायरीवर आहोत. घाटाला पायऱ्या पुष्कळ आहेत.

सव्वासात

शाहपूरच्या वाटेवर दोन म्हशी, एक वासरू. त्या कामाचं वर्णन करत नाही, पोट त्याच्यावरच चालतं एवढं खरं. गावातली कुत्री मात्र माझी मोटारसायकल ओळखतात आणि केळीच्या बागेपाशी असल्यापासूनच शिव्या घालत मागे लागतात. यात वैर काही नाही. माझ्या अंगाला स्पिरिट, जंतुनाशक आणि सकाळपासून हाताळलेल्या प्रत्येक जनावराचा वास असतो. त्यातली काही जनावरं घाबरलेली होती, हेही त्या वासात असतं. कुत्र्यांना न आवडणाऱ्या गोष्टींची यादी करायची तर पहिलं नाव माझंच घालावं लागेल. पांढरा कोट मी केव्हाच सोडला.

साडेनऊ

दवाखाना. स्टीलच्या टेबलावर रबरी चटई अंथरली की निम्मं भांडण मिटतं. गार, गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरायला लागले की शहाणं कुत्रंही चावायला बघतं.

आजचा पहिला रुग्ण पॉमेरेनियन. घरचा मुलगा हेल्मेट घालून आला की त्याच्याच पायाला चावायला धावतो, हेल्मेट काढलं की त्याच्याच पायाशी लोळतो. आमच्याकडे ही तक्रार उन्हाळ्यात फार येते. एप्रिल-मे महिन्यात बुऱ्हाणपूरमध्ये डोक्याला रुमाल आणि तोंडाला गमछा गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, त्यावर गॉगल चढवतात. कुत्रं माणसाला चेहऱ्यावरून, चालीवरून आणि वासावरून ओळखतं. वास येईपर्यंत समोर असतो तो डोकं नसलेला एक गोळा. मुलाला सांगितलं, हेल्मेट दारात काढ, आधी त्याला हाक मार, आणि ते हेल्मेट दोन दिवस घरात जमिनीवर पडू दे, आत बिस्कीट ठेव. मुलगा म्हणाला, "हेल्मेटमध्ये बिस्कीट?" आई म्हणाली, "नाहीतरी तू ते घालतोस कुठे!"

छत्रीचंही असंच. मिटलेली छत्री म्हणजे काठी. ती एकदम फट्दिशी उघडून चारपट होते, हे आपल्याला सवयीचं झालं म्हणून विचित्र वाटत नाही.

अकरा

पॉवरलूमच्या वस्तीत. गल्लीच्या तोंडापासूनच खटखट सुरू होते, घरात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. लूमखाली, कांड्यांच्या पेटीशेजारी, शेरू गाढ झोपलेला. गावठी आहे, जन्मच याच खोलीतला. मी विचारलं, "चाचा, झोपतो ना नीट?" ते म्हणाले, मशीन चालू असली की झोपतो, वीज गेली की दचकून उठतो.

हे ऐकून मला फार आनंद झाला, कारण पुस्तकातली गोष्ट अशी समोर झोपलेली क्वचित सापडते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून 1965 साली ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या वयाचे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले दिवस फार मोलाचे, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते जगाचा भाग म्हणून स्वीकारलं जातं. त्यानंतर आलेल्या गोष्टीला आपण निरुपद्रवी आहोत हे सिद्ध करावं लागतं. शेरूच्या जगात खटखट म्हणजे सगळं ठीक. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं.

मग तक्रार कशाची? कुकरची. शिट्टी झाली की शेरू थेट गल्लीत. एवढ्या गोंगाटात वाढलेला कुत्रा एका शिट्टीला का भितो, असं चाचांना वाटतं. लूमचा आवाज मोठा असला तरी एकसुरी आहे, पुढच्या क्षणी काय होणार ते ठाऊक असतं. शिट्टी अचानक येते, आणि ती उंच पट्टीतली. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत. मिक्सर, ड्रिल, वाफेची शिट्टी यांच्यात आपल्याला न ऐकू येणारा एक मजला वर असतो आणि कुत्रं तिथे राहतं. कुकर लावण्याआधी त्याला पुढच्या लूमखान्यात बसवा, एवढंच सुचवलं. औषध काही नाही. फी घ्यायला संकोच वाटला, पण घेतली.

एक

जेवता जेवता फोन बघतो. ओळखीच्या घरातून रील आलं आहे. पगसमोर लिंबाची फोड धरली आहे, तो तोंड फिरवतो, जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतात. मागे सगळं घर हसतं आहे. लिंबू, संत्र्याची साल, व्हिनेगर, अत्तर, कापूर, यांचा वास बहुतेक कुत्र्यांना झोंबतो, त्यात गंमत एवढीच. पण ती जांभई झोपेची नाही. नाकावरून जीभ फिरवणं भुकेचं नाही. "पुरे करा" हे सांगायची कुत्र्यापाशी असलेली ही सभ्य भाषा आहे. ती कुणी ऐकली नाही तर पुढचा शब्द गुरगुरण्याचा, आणि त्यापुढचा दातांचा. "एकाएकी चावला" असं सांगत येणारी माणसं या पायऱ्या न बघताच आलेली असतात.

मिठीबद्दलही इथेच सांगून टाकतो, लोक रागावले तरी. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 2016 साली इंटरनेटवरची, माणसं कुत्र्याला मिठी मारत असल्याची 250 छायाचित्रं तपासली. पाचातल्या चार छायाचित्रांत कुत्र्यावर ताण दिसत होता. प्रयोगशाळेतला अभ्यास नव्हे तो, पण माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लोकांनी प्रेमाने दिलेले जे फोटो आहेत त्यांत प्रमाण काही वेगळं नाही.

तीन

आजच्या दिवसातलं खरं काम हे.

जर्मन शेफर्ड, नाव टायगर, वय नऊ. नवं घर, हॉलमध्ये आरशासारख्या चकचकीत फरशा. टायगर उंबऱ्यावर उभा राहतो आणि हॉलमध्ये पाऊल टाकत नाही. भिंतीला घासत, पायपुसण्यावरून सोफ्याजवळच्या सतरंजीवर, तिथून दुसऱ्या सतरंजीवर असा प्रवास करतो. शिवाय गेल्या तीन-चार महिन्यांपासून त्याला आवाजांचं वावडं झालंय. दार आपटलं की थरथरतो, रस्त्यावरून कचरागाडीचं गाणं आलं की पलंगाखाली. आठ वर्षं ज्याला कशाचं काही वाटलं नाही, त्याला.

घरात तीन मतं आहेत. मुलाचं मत, म्हातारपणी डोकं फिरलं. सुनेचं, लाडावला. आजींचं, नजर लागली.

"अरे डॉक्टर, मीठ-मोहरी उतरवली त्याच्यावरून, तेव्हा दोन दिवस बरा होता," आजी म्हणाल्या.

"आजी, तेव्हा त्याला घरात कुठे ठेवलं होतं?"

"माझ्या खोलीत. गोधडीवर."

आजींच्या खोलीत खडबडीत शहाबादी फरशी आहे. मी टायगरला तिथेच तपासलं. मागचे पाय हळूच मागे ताणले तसा तो वळून माझ्या हाताकडे बघायला लागला. चावला नाही, फक्त बघत राहिला. मागच्या पायांच्या मांड्या बारीक झाल्या आहेत. नखं वाढली आहेत, म्हणजे पंजाची गादी जमिनीला पुरती टेकतच नाही. उभं राहताना तो सगळा भार पुढे टाकतो. खुब्याचे सांधे या जातीत वाईटच, त्यात वय. एक्स-रे लिहून दिला, पण तो येण्याआधीच मला काय वाटतं ते सांगितलं: याला फरशीची भीती वाटत नाही. घसरलं की कळ येते, तिची भीती वाटते.

"आणि आवाज?" मुलाने विचारलं. चांगला प्रश्न. आवाजाने दचकलं की अंग एकदम आखडतं. सांधा दुखरा असेल तर त्याच क्षणी कळ उठते, आणि कुत्र्याच्या डोक्यात जोडी जमते: आवाज आला, दुखलं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2018 साली आवाजाला भिणाऱ्या वीस कुत्र्यांची टिपणं तपासली. त्यातल्या दहांना असं दुखणं होतं. त्या दहांची भीती इतरांपेक्षा सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली निघाली. वीस कुत्री म्हणजे फार नव्हेत, पण हे वाचल्यापासून उतारवयात नवी भीती घेऊन आलेल्या कुत्र्याचे मी आधी सांधे, दात आणि कान बघतो. स्वभाव नंतर.

नखं कापली. हॉलमध्ये त्याच्या वाटेवर ताडपत्रीसारखी खरखरीत चटई अंथरायला सांगितली. वेदनेचं औषध कुत्र्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलं आणि पुन्हा पुन्हा बजावलं की घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. माणसाच्या या साध्या गोळ्या कुत्र्याचं यकृत, जठर, मूत्रपिंड बिघडवतात, जिवावरही बेततं. निघताना आजी म्हणाल्या, नजर पण उतरवते, चालेल ना? चालेल. मीठ-मोहरीने सांध्याला अपाय होत नाही, आणि त्या निमित्ताने तो गोधडीवर बसेल.

सव्वासात, संध्याकाळ

जुन्या गावात, जामा मशिदीपासून जवळच्या गल्लीत एक घर, घरची कुत्री राणी. मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, त्यामुळे बाहेरगावचे लोक तिकडे जाताना या गल्लीतून जातात आणि राणीची तान ऐकून थांबतात. राणी अजानला साथ देते, संध्याकाळी घरच्या शंखालाही देते. काकूंना वाटतं, तिच्यात भक्ती आहे. काकांना वाटतं, कान दुखतात.

मी शंख वाजवायला सांगितला आणि राणीकडे बघत बसलो. कान दुखत असते तर ती पळाली असती, कोपरा शोधला असता, शेपूट पोटाखाली गेली असती. तिने मान वर केली, डोळे अर्धवट मिटले आणि लांब सूर लावला. शंख थांबला, ती थांबली, आणि आणखी वाजणार का म्हणून काकांच्या तोंडाकडे बघायला लागली. लांडगे दूरच्या सोबत्याला असाच सूर देतात. लांब, न तुटणारा, चढत जाणारा आवाज ऐकला की ती जुनी सवय जागी होते. विचित्र दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे त्रासच असतो असं नाही. इथेही औषध नाही. फी मी मागितली नाही, प्रसाद मात्र भरपूर मिळाला.

साडेआठ

दिवाळी अजून दहा-बारा दिवसांवर आहे, पण पोरांनी लवंगी माळा लावायला सुरुवात केली आहे आणि फोन वाजायला लागले आहेत. फिनलंडमध्ये सुमारे 13,700 कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात भीतीच्या सगळ्या प्रकारांत आवाजाची भीती पहिली आली, जवळजवळ तिसरा हिस्सा कुत्र्यांत. फिनलंडमध्ये आपल्यासारखी दिवाळी नाही, हे लक्षात घ्या.

प्रत्येक फोनवर तेच सांगतो. आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि टीव्ही चालू. साखळीने बांधू नका, घाबरलेलं कुत्रं गळफास लावून घेतं. संध्याकाळच्या आत फिरवून आणा. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, कारण त्या रात्री पळालेली कुत्री सकाळी स्टेशनपलीकडे सापडतात. जवळ आलं तर कुरवाळा. कुरवाळल्याने भित्रेपणा वाढतो ही समजूत खोटी आहे. आणि कुणी एसेप्रोमाझीनची गोळी सुचवली तर घेऊ नका. ती अंग लुळं पाडते, भीती तशीच ठेवते. कुत्रं शांत पडलंय असं तुम्हाला वाटतं आणि त्याला सगळं ऐकू येत असतं. भीती कमी करणारी औषधं वेगळी आहेत. ती वजन, हृदय आणि यकृत बघून ठरवावी लागतात आणि फटाक्यांच्या रात्रीआधी एकदा देऊन बघावी लागतात.

म्हणून, ज्यांच्या घरात असं कुत्रं आहे त्यांनी वसुबारसेच्या आठ दिवस आधी आपल्या डॉक्टरकडे जाऊन यावं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहाला फोन केलात तर मी उचलेन, पण तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं जवळजवळ काही नसतं.