गिळण्याची तपासणी

गिळण्याची तपासणी ही रुग्णाला अन्न, पाणी व औषधे तोंडावाटे सुरक्षितपणे देता येतील का, हे ठरवण्यासाठी केली जाणारी वैद्यकीय तपासणी आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णाला तोंडावाटे काहीही देण्यापूर्वी ती करतात. गिळताना श्वासमार्ग नीट बंद न झाल्यास अन्नकण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

पद्धत
रुग्ण सावध असल्याची खात्री करून त्याला ताठ बसवतात. प्रथम चमचाभर पाणी देतात. ते नीट गिळल्यास ९० मिलिलिटर पाणी न थांबता पिण्यास सांगतात. पिताना किंवा नंतरच्या १ मिनिटात खोकला आला, अथवा आवाज घोगरा व ओलसर झाला, तर तोंडावाटे देणे थांबवतात. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ही चाचणी रुग्णाच्या खाटेजवळच करता येते.

मर्यादा
घशाची संवेदना मंदावलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत पाणी गेले तरी त्याला ठसका लागत नाही. यास सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. त्यामुळे ठसका न लागणे हा सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही. शंका असल्यास बेरियममिश्रित पदार्थ गिळतानाचे क्ष-किरण चित्रण करतात, किंवा नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून घसा पाहतात. निष्कर्षानुसार अन्नाचा दाटपणा, गिळतानाची मानेची स्थिती किंवा नळीद्वारे आहार ठरवला जातो.